गिरिजाची वाटी

दर्शन, ते बाल्कनीचं दार सरकव बघू. एसी सगळा बाहेर लगूनच्या पाण्यावर चाललाय आणि बिल माझ्या नावावर येतं. शर्वाणी, तू मोबाइल पालथा ठेव. मी बोलताना कुणाचा चेहरा खालून निळा दिसला की माझं डोकं फिरतं. आणि ते दहीवडे आत नेऊन ठेवा आधी. ऐकून झालं की बघा, खावेसे वाटले तर.

मी मनचं काही सांगत नाहीये. इथे शारजात, हमरियाच्या इंडस्ट्रियल एरियात फ्रोझन पराठ्यांची एक कंपनी होती, तिथे आपला प्रसन्न क्वालिटीला होता. याच बिल्डिंगमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर राहायचा. माणूस इतका सोवळा, की स्वतःच्या पोरीचा उष्टा चमचा तोंडाला लावायचा नाही. लिफ्टचं बटण कोपराने दाबायचा. मी त्याला म्हणायचो, अरे, हवा तरी उकळून घेतोस का? तर हसायचा, आणि माझ्याकडे चहा पिताना कप आधी आतून बघायचा. असल्या माणसावर ते यावं, यालाच नशीब म्हणतात.

इथल्या गेल्या नॅशनल डेच्या सुट्टीत तो, बायको सविता आणि सात वर्षांची गिरिजा बेल्जियमला गेले. गेंट म्हणून जुनं गाव आहे. कालवे, दगडी रस्ते, हजार वर्षांच्या भिंती. तिथे गाइडबरोबर सायकलवरून गाव बघायची टूर याने आधीच बुक केली होती. माणशी एकशे चाळीस दिरहम, म्हणजे आपले चौतीसशे. तिघांची. कॅन्सलेशन नाही.

आणि एक डिसेंबरला, सोमवारी, ऐन टूरच्या दिवशी पोर आजारी पडली. पाण्याचा घोटसुद्धा उलटून पडत होता. अंग तव्यासारखं. हॉटेलने डॉक्टर आणला, त्याने व्हायरल सांगून गोळ्या दिल्या. त्याही उलटल्या. दुपारपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले.

सविता म्हणजे ऑफिसात एचआर मॅनेजर. पण पोरीचं अंग तापलं की ती संगमेश्वरच्या आजीची नात होते. आपली माणसं युरोपात जाताना छोटा राइस कुकर नेतातच. तिने भात लावला, सुपरमार्केटचं दही कालवलं, आणि गिरिजाच्या वाटीत काढलं. बारशाला आत्याने दिलेली स्टीलची वाटी, तळाला ठिपक्याठिपक्यांनी ‘गिरिजा’ कोरलेलं. पोरीने लहानपणी आपटून आपटून काठाला पोचा पाडलेला. दुसरं भांडंच नव्हतं तिथे. तिने तो दहीभात पोरीवरून तीनदा उतरवला आणि प्रसन्नच्या हातात दिला.

“तू टूरला जा,” ती म्हणाली. “तुला इथले रस्ते माहीत नाहीत. गाइड नेईल त्या वाटेत एखादा तिठा लागेलच. तिथे ठेव. वाटीसकट. मागे बघायचं नाही. हाक आली तरी थांबायचं नाही. आणि ठेवलेलं परत उचलायचं नाही.”

“सविता, मी फूड सेफ्टीवाला माणूस...”

“मग माझी पोर बरी करून दाखव.”

तो गेला.

तिथे डिसेंबरात पावणेपाचलाच अंधार पडतो. आठ टुरिस्ट, आणि पुढे पिवळं जाकीट घातलेला निकोलस नावाचा गाइड. पोरगा हसरा, मोजकं बोलणारा. प्रसन्न सगळ्यात मागे, सायकलच्या पुढच्या टोपलीत झाकून ठेवलेली वाटी. घंटाघर झालं, बाजार झाला, आणि एका अरुंद तिठ्यावर निकोलस थांबला. काळपट, शेवाळ धरलेली भिंत होती. छातीएवढ्या उंचीवर एक भोक, खाली दगडाची फळी.

निकोलस म्हणाला, फार पूर्वी साथीचे आजारी या भिंतीमागे कोंडायचे. जेवण या भोकातून सरकवायचे. आत कुणी जायचं नाही. आतून वाडगा बाहेर येईल तोवर माणूस जिवंत आहे असं धरायचे. फळीचा दगड बोटं घासून घासून मधोमध खोलगट झाला होता. प्रसन्नला त्या खळग्यात साचलेलं पाणी दिसलं आणि त्याने वाटीवरचं झाकण घट्ट दाबलं.

बाकीचे पुढच्या पुलाकडे निघाले. हा साखळी बघतोय असं दाखवून मागे राहिला. रस्त्यावर ठेवावं तर कुणाचा पाय पडेल, म्हणून त्याने वाटी त्या फळीवर ठेवली. अख्ख्या गावात जागा मिळाली ती हीच. वळला. सायकलवर बसला. दहा पायडल मारले असतील.

“सर. यू कॅन्ट लीव्ह दॅट हिअर.”

आता मला सांगा, एकोणीस वर्षं यूएईत काढलेला माणूस. इथे गाडीतून टिश्यू पडला तरी पाचशे दिरहम, म्हणजे बारा हजार रुपये. असलं वाक्य ऐकलं की आपलं डोकं चालतच नाही, पाय आपोआप थांबतात. गावाकडचा माणूस असता तर चक्क दुर्लक्ष करून गेला असता. हा थांबला. वळला. बघितलंन.

भिंतीपाशी अंधारात पिवळं जाकीट होतं. हात पुढे केलेला, हातात वाटी.

“सॉरी, सॉरी,” म्हणत याने मान खाली घालून वाटी घेतली. बोटाला बोट लागलं. गार. आणि ओलं... ओलं म्हणजे पाण्याने नव्हे. बुळबुळीत. याने हात पॅंटला पुसला, पुन्हा पुसला. वाटीत बघितलं तर भातात चार बोटांचा खड्डा. वर तार धरलेलं काहीतरी लोंबत होतं.

पुलावर पोचला तर निकोलस तिथे माणसं मोजत उभा. याला वाटलं, आला असेल दुसऱ्या गल्लीने. माणूस स्वतःला पटवायला बसला की काय वाट्टेल ते पटवतो.

तिथून हॉटेलपर्यंत सपाट रस्ता. पण सायकल ओढेना. मागचं कॅरिअर करकरत होतं. मागचा टायर बसलेला. प्रसन्नला घाम फुटला, त्या थंडीत. त्याने मागे बघितलं नाही. आता कशाला बघायचं? जे बघायचं नव्हतं ते मेल्याने आधीच बघून घेतलं होतं.

हॉटेलच्या खालच्या टॉयलेटात त्याने भात ओतला. फ्लश केलं. भात वर आला. पुन्हा फ्लश केलं. पुन्हा वर आला, आणि वास असा, की आजाऱ्याच्या उशाखाली महिनाभर उष्टं राहिलंय. तो तिथेच भडाभडा ओकला. पाचव्या फ्लशला गेलं एकदाचं. वाटी कचऱ्यात टाकवेना. पोरीचं नाव त्यावर, नाव कचऱ्यात कसं टाकायचं? न बघताच सॉक्सच्या पिशवीत कोंबली.

“ठेवलंस?” सविताने विचारलं.

“ठेवलं. खलास.”

आणि सकाळी गिरिजाचा ताप उतरला. उठल्याउठल्या म्हणाली, “आय अॅम हंग्री.” सविता रडली. याला वाटलं, सुटलो.

तीन तारखेला शारजात परत आले. वाटी याने गाडीच्या डिकीत, स्टेपनीखाली लपवली. दोन दिवसांत गाडी घाण मारायला लागली. फॅक्टरीत ग्लोव्हज, टोपी, मास्क घालून फिरणारा माणूस, आणि त्याच्या एसीतून सडक्या भाताची वाफ. दोनदा वॉशिंगला दिली. गिरिजाच्या सीटवर रोज चार शितं चिकटलेली असायची. तो नखाने खरवडायचा आणि मग नख कापून टाकायचा.

पोर खात होती. तीन-तीन वेळा दहीभात मागायची. पण अंगाला लागेना. आठवड्यात फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला, गळ्याची हाडं वर आली. डॉक्टरने रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. सविता रात्री तिच्या छातीवर हात ठेवून बसून राहायची. पोर हातची चाललीय हे दोघांना दिसत होतं.

बारा डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळचे सात चाळीस. प्रसन्नने भिंतीवरचं घड्याळ बघितलं होतं, म्हणून एवढं नक्की सांगतो.

गिरिजा टेबलाशी जेवत होती. एक घास तोंडात. दुसरा घास शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे. एक तोंडात. एक खुर्चीकडे. तिकडचा घास खाली पडत नव्हता.

“काय घाण चाललीय ही?” प्रसन्न खेकसला. खुर्चीची गादी ओली होती. मधोमध खोलगट.

“इट्स नॉट फॉर मी, बाबा.”

“मग कुणाला?”

“द वन हू केम ऑन युअर सायकल.” पोरीने मान वर केली नाही. “ही गेव्ह यू हिज बोल. अँड यू थ्रू हिज डिनर इन द टॉयलेट.”

टॉयलेटचं... कुणाला माहीत नव्हतं.

सविता किचनच्या दारात उभी होती. हातात पळी. तिने नवऱ्याकडे बघितलं आणि त्या बघण्यानेच तो बोलता झाला. सगळं. फळी, हाक, हात, भात. त्याचं बोलून झालं. मग ती एवढंच म्हणाली,

“वाटी आण.”

त्याने आणली, दोन पिशव्यांत. तिने नाकाला पदर न लावता हातात घेतली. तळावरून अंगठा फिरवला.

“नाव कुठे गेलं?”

“ओशट झालीय. लागत नसेल हाताला.”

तिने दहीभात कालवला, त्याच वाटीत. पोरीवरून उतरवला. “सायकलवरून आलं, सायकलवरूनच जाऊ दे,” म्हणाली. “आणि प्रसन्न... या वेळी चुकलास तर परत येऊ नकोस.”

बेसमेंटमधून सायकल काढली. वाटी हॅंडलच्या पिशवीत. तो बसायच्या आधीच मागचा टायर दबला.

मागच्या गल्लीतून निघाला. लोक होते रस्त्यावर. करक चहावाला होता. पोरं खेळत होती. कुणी बघेना. फक्त एक मांजर गाडीखालून निघालं आणि मागे मागे सरकत गेलं.

वास आला. मानेवर. उष्ण नाही, गार. मग मिटक्या. चप... चप... त्याच्या कानाशी. काहीतरी ओलं कमरेच्या पट्ट्यात शिरलं आणि धरून बसलं. चार बोटं. शर्ट चिकटला. पोटातलं घशात आलं. त्याने गिळलं. तेही गिळलं. थांबला नाही.

तिठा आला. वर कॅमेरा. लख्ख दिवे. उतरला. वाटी ठेवली. वळला.

एक पायडल. दुसरं.

“सर.”

तोच आवाज. शांत. सभ्य.

“सर. यू कॅन्ट लीव्ह दॅट हिअर.”

त्याने ओठ चावले. रक्त आलं. तिसरं पायडल.

“सर... प्लीज.”

चौथं.

मग काही नाही.

कॅरिअर हलकं झालं. इतकं एकदम, की त्याचा तोल गेला.

घरी आला तेव्हा गिरिजा झोपली होती. सकाळी ताटात दहीभात बघून म्हणाली, “यक, बाबा. आय वॉन्ट पोहे.” तोच तिचा बाबा, ज्याने आयुष्यात कुणाचं उष्टं खाल्लं नव्हतं, तिच्या ताटातले उरलेले पोहे वेचून वेचून खात बसला. महिन्यात पोरीने बाळसं धरलं. म्युनिसिपाल्टीचा दंड आला नाही. प्रसन्न रोज मेसेज बघायचा, बिचारा. दंड आला असता तर बरं वाटलं असतं त्याला.

संपलं नाही. बस, दर्शन.

सतरा जानेवारीला तो माझ्याकडे आला. हातात बेल्जियमहून आलेलं खोकं. घरी उघडायची हिंमत नव्हती. इथेच, या टेबलावर, मी सुरीने टेप कापली.

वर निकोलसची चिठ्ठी. इंग्रजीत, सुवाच्य अक्षर. मी वाचून दाखवली. लिहिलं होतं, त्या संध्याकाळी तुम्ही भिंतीपाशी काहीतरी ठेवून निघालात, ते मी पुलावरून पाहिलं. प्रार्थना असावी असं वाटलं, म्हणून तुम्हाला हाक मारली नाही. दोन दिवसांनी गेलो तर ती तिथेच होती. लहान मुलाची दिसते, नावही कोरलेलं आहे. घरचे शोधत असतील. पत्ता तुमच्या बुकिंगमध्ये मिळाला, स्वच्छ धुऊन पाठवतोय.

खाली कागदात वाटी.

प्रसन्नने हात लावला नाही. मी लावला. काठाला पोचा होता. तळाला ठिपक्याठिपक्यांनी ‘गिरिजा’, अंगठ्याला खरखरीत लागत होतं.

मग सरळ केली.

आत एक घास दहीभात होता. ओला. कडेला चार बोटांनी निपटून ठेवलेला.