मागच्या पडवीतली चूल

पिल्लाचा रंग कोणता होता, हे मला आता खात्रीनं सांगता येत नाही. माझी बायको मालिनी तांबूस म्हणायची, मला काळपट आठवतो. जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, द्रावणाच्या रंगावरून निदान कसं करायचं ते पोरांना सांगितलं, आणि स्वतःच्या घरातल्या कुत्र्याचा रंग आठवत नाही. तेव्हा पुढचंही सगळं याच मापानं घ्या.

साल मात्र चौऱ्याऐंशी. निवृत्त झाल्यावर मांडवीला आम्ही हे घर घेतलं. आधी इथे एक एकटी म्हातारी राहायची. ती वारल्यावर तिच्या भाच्यानं, राजाभाऊंनी, ते आम्हाला विकलं. आम्हाला मूल नव्हतं. आपल्यामागे घरभर फिरणारं कुणीतरी असावं, एवढंच मालिनीनं मागितलं. सबंध संसारात तिनं मागितलेली ती बहुधा पहिलीच गोष्ट. मी जेटीवरच्या एका ओळखीच्या माणसाकडून पिल्लू आणलं. तिनं नाव ठेवलं गुंड्या.

पहिले काही दिवस सगळीकडे होतं तसंच झालं. चपला कुरतडल्या, रद्दीचे कागद घरभर पसरले, रात्री कण्हणं. मी पुण्याहून कुत्रं पाळण्याचं पुस्तक मागवलं आणि त्याबरहुकूम दूधभाताच्या वेळा ठरवल्या. शेजारच्या विमलावहिनी कुंपणापलीकडून म्हणाल्या, प्राध्यापकांचं कुत्रं आता परीक्षेलाच बसणार.

पण गुंड्या फाटकातून सारखा पळून जायचा. तेव्हा विमलावहिनींनीच आठवण करून दिली. नवं जनावर घरात आणलं की चुलीवरून ओवाळायचं, कपाळाला राख लावायची. मग ते घर सोडत नाही. मालिनीनं त्याला गॅसच्या शेगडीवरून ओवाळलं. वहिनी हसल्या. "गॅसला कुठली हो राख? मागच्या पडवीत म्हातारीची चूल आहे ना?"

होती. मातीची, एका बाजूनं खचलेली, आत गार राख. मालिनीनं पिल्लाला तिच्यावरून तीनदा ओवाळलं आणि राखेचं बोट त्याच्या कपाळाला टेकवलं. मला हसू आलं.

त्यानंतर गुंड्या पळाला नाही. तो आमच्याजवळही आला नाही.

दिवेलागण झाली की तो मागच्या पडवीत जाऊन चुलीसमोर बसायचा. मान वर, शेपूट फरशीवर सपसप. कुणीतरी काम करताकरता बोलत असावं आणि हा ऐकत असावा, तसा. मालिनी हाका मारायची. एक कान हलायचा, तोही तिच्या दिशेनं नाही. दूधभात तसाच पडून मुंग्यांना जायचा आणि पिल्लू मात्र गुबगुबीत होत चाललं. एका संध्याकाळी मालिनीनं त्याला जबरदस्तीनं उचलून घेतलं. मग माझ्याकडे आणलं.

"याचं तोंड हुंगा."

भाजलेल्या सुक्या बांगड्याचा वास. आमच्या घरात मासळी शिजत नाही. मी म्हटलं, शेजारून कुठूनतरी खाऊन येत असेल.

"फाटकाला कुलूप आहे," ती म्हणाली. "मी मागून घेतलं त्याला... आणि खाऊ दुसरंच कुणीतरी घालतंय."

त्या वाक्यात भीती नव्हती. मत्सर होता. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात तसा स्वर मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. मी पडवीत जाऊन राखेत हात घातला. राख कोमट होती. दिवसभराचं ऊन लागलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ती पडवी उत्तरेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेतली आणि चूल उखडली. माती टोपलीत भरून समुद्रावर टाकून आलो. गुंड्या खड्ड्याशी बसून होता. भुंकला नाही, कण्हला नाही. संध्याकाळी तो तिथे नव्हता. कुलूप लावलेलंच होतं. आम्ही काळ्या वाळूच्या किनाऱ्यापर्यंत हाका मारत फिरलो. परत आल्यावर मालिनी एवढंच म्हणाली, "माझ्याकडे आलं नसतं, तरी घरात असतं. तेवढंही तुम्हाला बघवलं नाही."

ती त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलली. दिवेलागणीला ती मागच्या पडवीत जाऊन बसू लागली. दार ओढून घ्यायची. मी पुढच्या खोलीत पेपर धरून बसायचो, एकही ओळ वाचत नसायचो. समुद्राचा आवाज यायचा, आणि त्याच्या आड कधीकधी दुसरा एक. फुंकणीनं कुणी विस्तव फुंकावा तसा... हलका, न थांबणारा.

पानं मी घ्यायचो. एका रात्री तिनं आपलं पान माझ्याकडे सरकवलं.

"तुम्ही जेवा."

"आणि तू?"

"माझं झालंय."

तिच्या पदराला धुराचा वास होता. बोटांना दुसरा. मी तो ओळखला आणि मान खाली घालून जेवलो. नंतर रोजच तसं होऊ लागलं. एवढं शिकलेला माणूस, पण मधलं दार ढकलून बघायचं धैर्य मला एकदाही झालं नाही. दार कडी लावलेलंही नसायचं.

वर्षभरात मालिनी गेली. डॉक्टरांना काही सापडलं नाही. वजन उलट वाढलं होतं, ते म्हणाले.

पुढे बऱ्याच वर्षांनी राजापूरच्या एसटी स्टँडवर राजाभाऊ भेटले. चहा घेताना मी भीतभीतच विचारलं, आत्याबाई शेवटपर्यंत मागच्या चुलीवरच स्वयंपाक करायच्या का? ते म्हणाले, आत्या पुढच्या स्वयंपाकघरात स्टोव्हवर करायची, तेही कांदा-लसूण न घालता. मागची चूल तिनं दोनदा उखडून टाकायला लावली होती. दोन्ही वेळा माणसं लावून, राजाभाऊ स्वतः तिथे उभे असताना. माझा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी मला त्यांच्या घरी नेऊन थकलेल्या आईपुढे बसवलं. त्या बाईंनीही तेच सांगितलं.

"ती चूल तिनं घातलेली नव्हतीच," त्या म्हणाल्या. "ती राहायला आली तेव्हा पडवी मोकळी होती."