बत्तीस वेळा एकच प्रश्न

"गाडी नंबर सांगा," ती म्हणाली. वर पाहिलंसुद्धा नाही.

"गाडी नाही," मी म्हणालो.

"मग काट्यावर काय चढवलंत?"

"काही नाही. मी दुसऱ्या पाळीचा."

तेव्हा तिनं मान वर केली. चष्मा नाकावर घसरलेला, कानामागे पेन, आणि माऊस इतका घट्ट धरलेला की जणू सोडला तर उडून जाईल.

"म्हणजे रोज माझी चित्रं पुसणारे ते तुम्हीच?"

मी टेबलावरच्या पावत्या सारख्या करू लागलो. कारण पुसणारा मीच होतो.

ही आमची पहिली भेट. ट्रक तोलायच्या वजनकाट्याची ती केबिन होती. गाडी भरलेली आली की एकदा तोलायची, रिकामी झाली की पुन्हा, आणि वजा करून पावती द्यायची. पहिली पाळी सहाला लागून एकला सुटायची, दुसरी दीडला लागायची. मधला अर्धा तास काटा बंद. त्यामुळे दोन महिने एकाच खुर्चीवर बसूनही आम्ही एकमेकांना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सायकल पंक्चर झाली, एका ट्रकवाल्यानं वाटेत उचललं, आणि मी पाऊण वाजताच पोचलो.

केबिनमध्ये एक कॉम्प्युटर होता. मोठ्या ऑफिसनं टाकून दिलेला, तेव्हाच म्हातारा. पिवळा पडलेला, अर्ध्या बटणांवरची अक्षरं गेलेली, काहीही सांगितलं की अर्धा मिनिट विचार करणारा. वजनाची चौकट पडद्याच्या एका कोपऱ्यात उघडायची. बाकी पडदा करडा, आणि त्यावर कंपनीचं नाव. असाच ठेवायचा हा हुकूम होता. आमचे साहेब प्रत्येक हुकूम कागदावर लिहून भिंतीला टोचायचे, म्हणून त्यांना सगळे टाचणीसाहेब म्हणत.

पण मी दीडला यायचो तेव्हा पडद्यावर कधी टेकडी असायची, कधी झाड, कधी दोरीवर वाळणारे कपडे. सगळं सोळा रंगांत, माऊसनं काढलेलं. साहेबांची फेरी पाचला, माझ्या पाळीत. बोलणी मी खायची. म्हणून मी पुसायचो.

"झाड तोडलंत काल," ती म्हणाली. "तीन दिवस लागले होते मला."

"साहेब ओरडले असते."

"तुमच्यावर. माझ्यावर नाही. मग मी का थांबू?"

"अहो, पण हुकूम आहे."

"सात तास करड्या रंगाकडे बघायचा हुकूम त्यांनी स्वतःला देऊन बघावा." तिनं पर्स उचलली, दारात थांबली. "आजची खिडकी आहे. पुसायची असेल तर आधी नीट बघून घ्या. निदान तेवढं तरी."

मी बघितली. खिडकीत पडदा होता, उडणारा. वारा कसा काढायचा हे तिला माऊसनं जमलं होतं. मी ते चित्र पाच वाजायच्या आधी बाजूला केलं, साहेब गेल्यावर परत लावलं.

चौदा महिने झाले तिला जाऊन. लोक सांगतात, जुनं उगाळत बसू नका, मन रमवा कशात तरी. माझं मन कशात रमायचं ते मला ठाऊक आहे. मी उगाळणार. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं उठून जावं.

दुसऱ्या दिवशी मी पाऊण वाजता पुन्हा हजर.

"आजही पंक्चर?" तिनं विचारलं.

"नाही. सायकल जोरात मारली."

"घाई कसली?"

"खिडकी बघायची होती."

"खिडकी तिथंच आहे. तुम्ही मात्र दुसरीकडेच बघताय."

मला घाम आला होता तो सायकलचाच, असं मी तिला सांगितलं. तिनं मान डोलावली, पण विश्वास ठेवला नाही.

मग मी तिच्या खिडकीत एक मांजर काढलं. मला रेघही सरळ येत नाही, तेव्हा मांजर उशीसारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं उशीला शेपूट लावून दिलं. मी दूध ठेवलं. तिनं ते सांडलेलं दाखवलं. असं महिनाभर चाललं. आमचं सगळं बोलणं त्या पडद्यावर आणि त्या पंधरा मिनिटांत.

एकदा साहेब पाचऐवजी चारला आले. मांजर त्यांनी पाहिलं. भिंतीवर नवा कागद लागला : यापुढे पडद्यावर चित्र दिसल्यास संबंधितास गोदामात पाठवले जाईल.

मला गोदामाचं काही वाटलं नसतं. पण ती तिथूनच आली होती. दोन वर्षं पोती मोजली होती तिनं. सुट्टीत इतरांनी डबे उघडले की ही काट्याच्या केबिनमध्ये येऊन उभी राहायची, बघून बघून मशीन शिकली. मग अकरा महिने अर्ज केले. काट्यावर बाई नको, ड्रायव्हर मंडळी बोलतात, असं सांगून साहेब अर्ज परत करत होते. बाराव्या महिन्यात खुर्ची मिळाली. ती खुर्ची जाणं म्हणजे सगळंच जाणं.

तिनं चित्रं थांबवली. पाऊण वाजता मी आलो की ती करड्या पडद्यासमोर बसलेली असायची. हसायची, पण ओठांनीच.

"काही तरी काढा," मी म्हणालो.

"तुम्ही काढा. तुम्हाला गोदामाची भीती नाही ना?"

ती रागानं नाही बोलली. पण मला लागलं. मी ठरवलं, काढायचं. आणि जे तोंडानं निघत नव्हतं तेच काढायचं.

माझा हिशोब सोपा होता. तिचा एवढासा चेहरा, खाली एक शब्द – लग्न? – आणि तो पडद्याच्या मधोमध. ती सकाळी सहाला उघडणार, बघणार, पुसणार. साहेब नऊला येतात. कोणाला कळणार नाही. संध्याकाळी गाड्या संपल्यावर मी चष्मा काढला, पेन काढलं, नाक तीनदा काढलं. तेवढ्यात बाहेर कामगारांच्या बसचा हॉर्न वाजला. वॉलपेपर म्हणून लावा, असं मी म्हाताऱ्या कॉम्प्युटरला सांगितलं, बटण दाबलं. तो विचार करत बसला. मी थांबलो नाही. पडदा बंद केला आणि पळालो.

एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. त्या मशीनला चित्र कसं लावायचं तेही सांगावं लागतं. 'सेंटर' म्हटलं तर मधोमध एक. 'टाइल' म्हटलं तर फरशा बसवाव्यात तसं कडेपासून कडेपर्यंत, मावतील तितकी. तिनं मागे एकदा गवत काढलं तेव्हा 'टाइल' निवडलं होतं, आणि ते तसंच राहिलं होतं; नंतरची चित्रं पडदाभर होती, म्हणून कळलं नाही.

सकाळी तिनं पडदा चालू केला. आठ आडव्या, चार उभ्या – बत्तीस वेळा ती, आणि बत्तीस वेळा लग्न? तळाला आणखी आठ जणी, जागा संपल्यामुळे नाकावरच कापलेल्या. त्यांना प्रश्नच विचारला नव्हता. त्या नुसत्याच बघत होत्या.

ड्रायव्हरला वजन दिसावं म्हणून पडदा खिडकीकडे तिरका ठेवलेला असायचा.

मी पाऊण वाजता आलो तर काट्याबाहेर गाड्यांची रांग. सहा ड्रायव्हर खिडकीला लागलेले. आत टाचणीसाहेब. आणि पडदा... तसाच. कोपऱ्यात वजनाची चौकट, बाकी सगळीकडे ती.

"हे काढायला किती वेळ लागतो?" साहेब विचारत होते.

"अर्धा मिनिट."

"मग सकाळपासून काय करताय?"

"वजनं. एकेचाळीस गाड्या झाल्या. एक पावती चुकली असेल तर दाखवा."

"पावतीचा प्रश्न नाही. हा जो प्रश्न आहे तो काढा."

"नाही काढणार, साहेब. तो मला विचारलाय. उत्तर दिल्याशिवाय पुसायचा नाही, असं मी ठरवलंय."

"मग द्या उत्तर आणि मोकळ्या व्हा."

"तुमच्यासमोर? ह्यांच्यासमोर?" तिनं खिडकीकडे हात केला.

"आमचं काही लक्ष नाही, बाई," त्यातले एक मिशीवाले ड्रायव्हर म्हणाले. "तुम्ही सांगा निवांत."

साहेबांचे कान लाल झाले. "उद्यापासून गोदामात."

ती उठली नाही. फक्त माऊसवरचा तिचा हात थांबला. मी ते पाहिलं. दोन वर्षांची पोती, अकरा महिन्यांचे अर्ज... आणि माझं एक बटण.

"साहेब, हे मी केलंय," मी म्हणालो. "ह्यांनी नाही. चित्र माझं, चूकही माझी. गोदामात मला पाठवा."

"तुम्ही मध्ये पडू नका," ती म्हणाली.

"मध्ये काय? सुरुवातच मी केलीय."

"नाक बटाट्यासारखं काढलंय माझं. त्याचं आधी बोला."

"तिसऱ्यांदा काढलेलं आहे ते. पहिली दोन बघायला हवी होतीत."

बाहेर कोणी तरी हसलं. साहेब खिडकीशी गेले. "चला, चला, गाड्या लावा काट्यावर."

"कोण तोलणार?" मिशीवाल्यांनी विचारलं. "बाई बसणार असतील तर लावतो. माझी गाडी दोनदा वजनात कमी भरली होती इथं, ह्यांच्या आधी. ह्या आल्यापासून किलोचा फरक नाही." आणि त्यांनी इंजिन बंद केलं. मागच्यानंही केलं. मग त्याच्या मागच्यानं.

साहेबांनी थांबलेली रांग टोकापर्यंत पाहिली. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही गोदामात. उद्या सकाळी सहाला."

"बरं," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत होती. आम्हा दोघांना एकदमच कळलं. गोदाम फक्त सकाळच्या पाळीत चालतं. तिच्या पाळीत.

"हसू नका," ती ओठांतल्या ओठांत पुटपुटली. "रद्द करतील."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुट्टीत ती गोदामात आली. पोत्यांच्या थप्पीवर माझ्या शेजारी बसली, इतकी जवळ की मी मोजणी विसरलो.

"नुसतं 'लग्न?' काय," ती म्हणाली. "कोणाचं, कोणाशी? तळाला सहीसुद्धा नाही."

"जागा नव्हती."

"बत्तीस वेळा विचारायला होती."

"ते चुकून झालं."

"विचारलंत तेही चुकून?"

"नाही," मी म्हणालो. "ते नाही."

ती चष्मा काढून ओढणीनं पुसू लागली. चष्म्याशिवाय तिचे डोळे मी पहिल्यांदा पाहिले आणि कळलं, ते मी फारच लहान काढले होते.

तेवढ्यात दारात टाचणीसाहेब. "पोती किती झाली?"

मी तोंड उघडलं. आकडा आठवेना.

"साहेब, सुट्टी आहे," ती चष्मा पुसतच म्हणाली. "आमचं लग्न ठरतंय."

साहेब आत आले नाहीत, गेलेही नाहीत. हातातल्या कागदाकडे बघत राहिले. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "किती वेळ लागेल?"

"झालंच," ती म्हणाली. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे वळली.

"हो."