बाई तर जिवंत आहेत!

"अजून अकरा चिठ्ठ्या राहिल्यात आणि चारला प्रदर्शन उघडणार. हात चालवा," म्हणत मामाने गोंदाची बाटली टिटवीपुढे सरकवली.

सुट्टीत मामाकडे आलं की त्याच्या फ्रेमच्या दुकानात हात लावायचा, हा नियमच होता. मामाची मुलगी ताई काचा पुसायची. टिटवी फ्रेमच्या पाठीवर छापील चिठ्ठ्या चिकटवायची आणि तिचा धाकटा भाऊ भिंग त्या कापून द्यायचा. खरं तर तो कापायचा कमी आणि वाचायचा जास्त. समोर अक्षर दिसलं की ते वाचल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

आताही त्याची कात्री मध्येच थांबली. चिठ्ठीवर चित्रकर्तीचं नाव होतं आणि खाली दोन सालं. एक जन्माचं, दुसरं मृत्यूचं. दुसरं साल गेल्या वर्षीचं होतं.

"ताई, हेच नाव वरच्या मजल्यावर दाराच्या पाटीवर आहे ना?"

ताईने चिठ्ठी हिसकावून घेतली. वरच्या मजल्यावर चित्रकलेच्या निवृत्त बाई राहायच्या. जिन्यात धावल्याबद्दल त्यांनी आज सकाळीच तिघांची खरडपट्टी काढली होती. मेलेल्या माणसाचा आवाज एवढा खणखणीत नसतो, यावर तिघांचं लगेच एकमत झालं.

मामाला सांगितलं, तर त्याचं लक्ष काच कापण्यात. कलादालनाच्या साहेबांनी छापून दिलंय, आपण चिकटवायचं, एवढं बोलून तो पुन्हा खाली वाकला. आधीच्या एकोणतीस चिठ्ठ्या त्याने स्वतः लावल्या होत्या आणि त्यातली एकही वाचली नव्हती.

शेवटच्या फ्रेम्स पोहोचवायच्या निमित्ताने मुलं ढकलगाडी घेऊन निघाली. कलादालन दोन गल्ल्या सोडून होतं. आत भिंगाने भिंतीवरची किमतींची यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि त्याचे डोळेच विस्फारले. एका चित्राच्या पैशांत मामाचं दुकान विकत घेता आलं असतं. टिटवीने भोळा चेहरा करून साहेबांना विचारलं, की ही चित्रं एवढी महाग का?

साहेब खुशीत होते. ते म्हणाले, "चित्रकार गेला की नवी चित्रं यायची थांबतात. आहेत तेवढीच. मग लोक भांडून घेतात आणि भाव चढतो."

"आणि त्या जिवंत असत्या तर?"

"तर फ्रेमचा खर्चही निघाला नसता, बाळ," साहेब हसले आणि टाय सरळ करायला आरशाकडे वळले.

तिघं धूम पळत परत आली. थेट वरच्या मजल्यावर जाऊन त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. मग बाईंनी सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी हेच साहेब घरी आले होते. तुमच्या चित्रांना कुणी विचारत नाही, अडगळ कमी होईल, म्हणत त्यांनी सगळा गठ्ठा रद्दीच्या भावात उचलून नेला. त्या दिवसापासून बाईंनी कुंचल्याला हात लावला नव्हता. कुणाला नकोच, तर काढायची कशाला?

"साडेतीन वाजलेत," ताई हळूच म्हणाली.

"माझ्या चपला कुठायत?" बाई म्हणाल्या.

बाईंचा गुडघा कुरकुरत होता. जिना कसाबसा उतरला, पण पुढे एक पाऊल टाकवेना. टिटवीने ढकलगाडीवर उशी टाकली आणि बाईंना तिच्यावर बसवलं. गाडीवर मोठ्या अक्षरांत 'नाजूक माल' असं लिहिलेलं होतं. दोघी ढकलत होत्या आणि भिंग पुढे पळत रस्ता मोकळा करत होता. हे दृश्य पाहून मामा हातातली पट्टी टाकून मागे धावला.

पोहोचेपर्यंत चार वाजून गेले होते आणि कलादालन माणसांनी भरलं होतं. सहा चित्रांखाली 'विकलं' अशी पाटी लागलीही होती. दिवंगत चित्रकर्तीबद्दल बोलता बोलता साहेब रुमालाने डोळे टिपत होते. तेवढ्यात दारातून तोच खणखणीत आवाज आला.

"मी कशाने गेले, तेही सांगा की."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. पण ते सावरले. ही कुणी तोतया बाई आहे, हिला बाहेर काढा, असं ते नोकरांना सांगू लागले. बाईंनी वाद घातला नाही. यादीचा एक कागद उलटा केला, भिंगाच्या खिशातली पेन्सिल घेतली आणि पाच मिनिटांत त्यावर साहेब उतरवले. बाहेर आलेले डोळे, वाकडा झालेला टाय, कपाळावरचा घाम, सगळं हुबेहूब. लोक तो कागद भिंतीवरच्या चित्रांशेजारी धरून पाहू लागले. रेषा तीच होती. शंका घ्यायला जागाच उरली नाही.

एक जाडजूड गृहस्थ साहेबांवर चिडले. "आता आणखी चित्रं येणार नाहीत म्हणून मी एवढे पैसे दिले!"

"येतील," बाई म्हणाल्या. "उद्यापासून."

गृहस्थांनी पैसे परत मागितले. त्यांचं पाहून बाकीचेही पुढे सरसावले. फक्त एक वृद्ध डॉक्टरबाई जागच्या हलल्या नाहीत. आपण चित्रातल्या खिडकीतलं ऊन बघून ते घेतलं, साल बघून नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या वकील मुलाने साहेबांना तिथेच गाठलं. फसवणुकीची तक्रार नको असेल तर न विकलेली चित्रं बाईंना परत करायची आणि विकलेल्याचे पैसे त्यांना द्यायचे, असं त्याने साहेबांकडून कागदावर लिहून घेतलं.

मामाने तिन्ही पोरांना जवळ ओढलं. "माझे डोळे उघडे होते, पण बघत ही तिघं होती," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

चिडलेले गृहस्थ मात्र अजून गेले नव्हते. बाईंनी पेन्सिलीने काढलेल्या साहेबांच्या त्या चित्रापाशी ते घुटमळत होते. शेवटी त्यांनी विचारलं, की याचं काय घ्याल?

बाई गोंधळल्या. आजवर किंमत नेहमी दुसऱ्यानेच सांगितली होती. त्यांनी मुलांकडे पाहिलं, पदर सावरला आणि एक आकडा सांगितला.

तो ऐकून मामाला ठसका लागला. गृहस्थांनी मुकाट्याने चेकबुक काढलं.