चहा न पिणाऱ्याची शिफारस

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकली तेव्हा तिच्या एका हातात तीन कवळ्यांचा डबा होता आणि दुसऱ्या हातात मोबाइलवर उघडलेला अकरावा भाग.

कवळ्या तिच्या नव्हत्या. चौथ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये ती दात बनवायची. म्हणजे मेणात साचा, साच्यात दात, आणि मग ते दात खाली डॉक्टरांच्या दवाखान्यात. ज्यांच्या तोंडात ते बसायचे त्यांना ती कधीच बघायची नाही. शहरभर कितीतरी लोक तिचं हसू हसत फिरत होते आणि तिला ओळख दाखवत नव्हते.

तिनं घंटा दाबली. वर कुणीतरी ‘आलो आलो’ म्हणालं आणि आलं नाही. खरं सांगायचं तर तिला आनंदच झाला. इतकी शांत जागा घरातही मिळत नव्हती.

वीसेक मिनिटांनी वरच्या फटीतून टॉर्चचा उजेड आला, आणि मागोमाग एक उलटं डोकं.

“आत किती जण आहेत?”

“एक. आणि तीन कवळ्या.”

डोक्यानं थोडा विचार केला. “कवळ्यांना वेगळं सोडवायचंय, का तुमच्याबरोबरच?”

तिनं वर पाहिलं. कपाळावर ग्रीसचा पट्टा, डोळे मात्र अगदी सरकारी फॉर्म वाचल्यासारखे गंभीर. उलट्या चेहऱ्यावर हसू आहे की नाही ते कळणं अवघड असतं.

“दोनच मिनिटं थांबाल? एक परिच्छेद राहिलाय.”

बारा वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं. अडकलेली माणसं रडायची, ओरडायची. एकानं तर बायकोला फोन करून कपाटाची किल्ली कुठे आहे तेही सांगून टाकलं होतं. लिफ्टवाला तिथेच पालथा पडून राहिला.

“एवढं काय आहे त्यात?”

“तुम्ही नाव ऐकलं नसेल. सातच वाचक आहेत याला.”

“सात? बरेच आहेत की.”

“ऐका —” आणि तिनं वाचलं. “‘समुद्र अकरा किलोमीटर मागे सरकला त्याला नऊ वर्षं झाली होती, पण दिवा बंद करा असं लेखी कुणी कळवलं नव्हतं, म्हणून दीपगृहाचा राखणदार तो रोज लावत होता.’”

टॉर्च हलला. उजेड तिच्या खांद्यावरून घसरून कवळ्यांवर पडला.

“तिसरा भाग जरा ताणलाय,” वरून आवाज आला.

“तुम्ही वाचलंय हे?”

“सातांतला... एक मी.”

आता हे सगळं नीट सांगायला हवं. कथा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांची एक साइट होती आणि तिच्यावर ती ‘दंतकथा’ या नावानं दर रविवारी सकाळी एक सदर चालवायची : ‘पन्नाशीच्या आत’. पन्नासपेक्षा कमी वाचक असलेल्या एका लेखकाची शिफारस. (सुरुवातीला दोन विधुर चुकून नाव नोंदवून गेले होते. त्यातल्या एकाची कथा बरी निघाली.) आज त्या सदराचे चाळीस हजार वाचक होते. ती ज्याच्याकडे बोट दाखवेल त्याच्या दारात सोमवारपर्यंत रांग लागायची.

पण पहिल्याच महिन्यात तिनं एक घोळ करून ठेवला होता. शिफारस केली ती सख्ख्या मामेभावाची. त्याच्या कादंबरीत नायिकेचं नाव दर भागात बदलायचं, आणि तो ते शैली म्हणून करतो असं तिनं लिहून टाकलं. नंतर कळलं की तो विसरायचा. साइटवर तीन महिने तिची धुलाई चालली. वशिल्याच्या कौतुकाला तिथे तेव्हापासून ‘मामेभाऊ’ असंच म्हणतात. ‘ही शिफारस जरा मामेभाऊ वाटते’ असं लोक तिच्याशी संबंध नसलेल्या ठिकाणीही लिहितात.

म्हणून तिनं सदराच्या माथ्यावर ठळक नियम ठोकला : ज्याच्याबरोबर मी चहा प्यायले आहे, त्याची शिफारस कधीही करणार नाही. चार वर्षं तिनं तो पाळला होता. दोन चांगल्या लेखिकांचं चहाचं आमंत्रण तिनं नाकारलं होतं, एकीला तर भर पावसात टपरीखाली उभं राहून.

‘दंतकथा’ मीच, हे तिनं लिफ्टमधून बाहेर पडता पडताच त्याला सांगून टाकलं होतं. लिफ्टचं काम तीन आठवडे चाललं. खरं तर ते चार दिवसांचं होतं. पण लिफ्टवाला फार बारकाईनं काम करणारा निघाला. दुपारच्या सुट्टीत ती थर्मास घेऊन गच्चीच्या पायऱ्यांवर जायची, तोही लिफ्टच्या मोटार-खोलीतून हात पुसत बाहेर यायचा, आणि दोघं दीपगृहाच्या गोष्टीच्या ‘तात्पुरता’ या लेखकावरून भांडायचे. लेखकाचं टोपणनाव तेवढंच होतं : तात्पुरता.

“चहा?”

“मी चहा घेत नाही. गरम पाणी असेल तर चालेल.”

पहिल्या दिवशी तिला ते विचित्र वाटलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं वेगळी बाटली आणायला सुरुवात केली. हा गृहस्थ गरम पाण्याचा घोट घ्यायचा आणि तिच्या कपातून निघणाऱ्या वाफेकडे असा बघायचा, जसं कुणी गावी सुटलेल्या गाडीकडे बघतं.

“त्या बाईचं मला पटत नाही,” तो म्हणायचा. “दिव्याचा उजेड बेडरूममध्ये येतो म्हणून रोज अकरा किलोमीटर तक्रार करायला चालत येते? पडदा लावावा ना.”

“तक्रारीसाठी येत नाही हो ती.”

“मग?”

“तुम्हाला एवढंही कळत नसेल तर तुम्ही लिफ्टच दुरुस्त करा.”

“तेच करतोय.” पाण्याचा घोट. “तुम्हाला या माणसाचं एवढं काय पडलंय?”

तिनं कपाची कड अंगठ्यानं पुसली. “मी दात करते ना... ते कुणीतरी लावतं, हसतं, जेवतं. कुणी केले असं कुणी विचारत नाही. विचारावं असंही नाही. पण एखादं वाक्य इतकं नीट बसलेलं दिसलं, की मला राहवत नाही. वाटतं, जाऊन सांगावं — हे कुणीतरी केलंय.”

त्याच्या हाताला ग्रीस असायचं, म्हणून तो तिचा मोबाइल कधी हातात घ्यायचा नाही. ती धरायची आणि तो मान वाकवून वाचायचा. त्या दिवशी त्यानं मान वाकवली, आणि वाचलं मात्र काहीच नाही. तिच्या लक्षात आलं. तिनंही पान पुढे सरकवलं नाही.

तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी ती पायऱ्या चढतानाच म्हणाली, “ठरलं. या रविवारी तात्पुरता.”

तो उभा होता तो खाली बसला.

“खात्री आहे?”

“सोमवारी सातांचे सात हजार होतील. तुमचा तो तिसरा भाग सात हजार लोक वाचतील आणि एकालाही ताणलेला वाटणार नाही. काय झालं? तुम्हाला आनंद नाही झाला?”

त्यानं पायरीवरच्या बाटलीकडे पाहिलं. मग तिच्या हातातल्या कपाकडे. मग अगदी हळू, स्क्रू काढतात तसा, तो कप त्यानं तिच्या बोटांतून सोडवून घेतला आणि अर्धा चहा एका दमात पिऊन टाकला.

“शेवटी एकदाचा,” तो म्हणाला. “साखर जरा जास्त आहे.”

“तुम्ही तर चहा घेत नाही.”

“दिवसाला सहा कप घेतो. फक्त तुमच्याबरोबर... घेत नव्हतो.”

ती हुशार होती, पण काही गोष्टी कळायला हुशार माणसांनाही वेळ लागतो. तिला सहा सेकंद लागले.

“सातांतले एक तुम्ही.”

“एक मी, चुका तपासायला. एक माझी ताई. ती उघडते, वाचत नाही.”

“म्हणजे तीन आठवडे तुम्ही स्वतःच्या गोष्टीला नावं ठेवत होतात आणि मी तुमची वकिली करत होते.”

“हो.”

“मजा येत होती?”

“कुणी माझ्यासाठी माझ्याशीच भांडतंय... असं आधी कधी झालं नव्हतं.” त्यानं कप परत तिच्या हातात ठेवला. “रविवारपर्यंत गप्प बसलो असतो तर वाचक मिळाले असते. पण नंतर कुणीतरी आपल्याला इथे बघितलेलं निघालं असतं, आणि मग मामेभाऊ... तुमच्या शब्दाला चार वर्षं लागलीत. माझ्या गोष्टीला फक्त दीड. आता तुम्ही माझी शिफारस करू शकत नाही. प्रश्न मिटला.”

“प्रश्न तुम्ही मिटवणारे कोण?” ती म्हणाली आणि थर्मास तिथेच टाकून खाली उतरली. चार मजले, पायऱ्यांनी. लिफ्ट तेव्हा उत्तम चालत होती.

पुढचे तीन दिवस तिनं दात बनवले. काकांनी, म्हणजे लॅबच्या मालकांनी, एक कवळी उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, “ही कवळी रागावल्यासारखी का दिसतेय?” ती पुन्हा करावी लागली.

शनिवारी संध्याकाळी घरी आई सोफ्यावर पाय घेऊन साइटवरच्या सगळ्यात लाडक्या लेखकाचा तीनशे बारावा भाग वाचत होती. त्यात नायिका दोनशे ऐंशीव्या भागापासून जिना उतरत होती.

“उतरली का गं?” तिनं विचारलं.

“दोन पायऱ्या राहिल्यात. हसू नकोस. दीड लाख लोक वाचतात त्याला. तुझ्या त्या सात-आठवाल्यांसारखं नाही.”

“आई, एखादा माणूस चांगला असेल आणि आपल्या ओळखीचा असेल, तर त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं नाही का?”

आईनं चष्मा कपाळावर चढवला. “तुझ्या बाबांचं कौतुक मी करायचं नाही, तर काय शेजारणीनं करायचं?” मग जरा थांबून, “कोण आहे?”

“लेखक आहे.”

“किती वाचक?”

“सात.”

“देवा,” आई म्हणाली आणि चष्मा परत खाली घेतला. पण पान काही उलटलं नाही.

रविवारी सकाळी नऊ वाजता सदर आलं.

*आजची शिफारस मामेभाऊ आहे. सख्खी, शंभर टक्के. ‘तात्पुरता’ या लेखकाबरोबर मी चहा प्यायले आहे. कप एकच होता, त्यामुळे प्रकरण तुम्हाला वाटतंय त्याहून गंभीर आहे. मी या माणसाच्या प्रेमात आहे. त्याच्या गोष्टीच्या प्रेमात मी त्याच्या आधी सात आठवडे पडले. क्रम लिहून ठेवा, नंतर वाद नको. नियम मी केला होता, मीच मोडते आहे, कुणाची परवानगी मागत नाही. जी गोष्ट अनोळखी माणसाची असताना चांगली होती, ती लेखकाच्या हाताला ग्रीस असतं हे कळल्यावर वाईट कशी होईल? खाली पहिला परिच्छेद देते. तो कुणाच्याही प्रेमात नाही. आधी तो वाचा. मग मला काय बोलायचं ते बोला, मी इथेच आहे.*

पहिली वीस मिनिटं फक्त ‘मामेभाऊ’ हाच शब्द येत होता. मग साइटच्या व्यवस्थापकाचा निरोप आला. सगळे त्याला मॉनिटर म्हणायचे, कारण तो शाळेतही तोच असणार. ‘शिफारस काढा, अन्यथा सदर बंद करण्यात येईल.’

तिनं उत्तर दिलं : ‘सदर बंद करा. शिफारस राहील.’

इतकं छोटं उत्तर मॉनिटरला कुणी दिलं नव्हतं. त्यात काहीतरी डाव असावा म्हणून तो दुपारी एकपर्यंत विचार करत बसला. मग सदर खरंच बंद झालं. चार वर्षं, चाळीस हजार वाचक, पाटी कोरी. पुढच्या यादीत वाट बघणारे एकोणीस लेखक होते, त्यांचं काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. तिनं तात्पुरत्याचं पान उघडलं.

सातांचे एकवीसशे झाले होते. एकानं लिहिलं होतं : ‘शिव्या द्यायला आलो होतो. सध्या पाचव्या भागात आहे, झालं की देतो.’

“ती बाई पडदा का लावत नाही?” आई आतून ओरडली. “आणि तिसरा भाग ताणलाय. पण... पुढचा कधी येणार म्हणावं त्याला?”

चार वाजता ती खाली उतरली तेव्हा तो समोरच्या फुटपाथवर, बसस्टॉपच्या खांबाला टेकून उभा होता. शर्टाला इस्त्री केलेली, पण फक्त पुढून. हात इतके घासलेले की लाल झाले होते.

“एकवीसशे माणसं आहेत,” तो म्हणाला. “मला आता एक ओळ सुचत नाहीये.”

“सुचेल. मी भांडेन.”

“तुमचं सदर गेलं.”

“दुसरीकडे काढेन. भिंतीवर चिकटवेन. आणि तुमचं नको, तुझं म्हण. चाळीस हजार लोकांना सांगून झालंय, आता अहो-जाहो कशाला?”

त्यानं बसच्या वेळापत्रकाकडे पाहिलं. “तेच म्हणायचं होतं. त्यांना सांगितलंस. मला... नाही सांगितलंस.”

“वाचलं नाहीस?”

“चौदा वेळा वाचलं. पण ते वाचकांसाठी होतं.”

ती एक पाऊल पुढे आली. त्याच्या कॉलरचं एक टोक आत दुमडलं होतं, ते तिनं बाहेर काढलं, आणि हात तिथेच राहू दिला.

“मला तू आवडतोस,” ती हळू म्हणाली, जेमतेम त्याच्यापुरतं.

मग तिनं मान वळवली आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली, एवढ्या मोठ्यानं की स्टॉपवरचे सहा जण, सायकल ढकलणारा एक म्हातारा आणि दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत मोबाइल हातात धरून उभी असलेली आई, सगळे वळून बघायला लागले.

त्याचे कान हातांइतकेच लाल झाले. “मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.”

“माहितीये,” ती म्हणाली. “दुसऱ्यांदा त्यांच्यासाठी होतं.”