तलवाड्यातलं जपानी सोंग

जत्रेत सुग्रीव सोंगाड्याचं सोंग म्हणजे तलवाड्याचं हुकमी काम. पण गेल्या साली चकलांब्याच्या सोंगाड्यांनी गावाचं नाक कापलं, तेव्हापासून सुग्रीवच्या डोक्यात नवं काहीतरी घोळत होतं. ते त्याला विठ्ठलराव देशमुखांच्या बैठकीत सापडलं. निजामाच्या कचेरीच्या कामाला हैदराबादला गेले असता देशमुखांनी तिथल्या बाजारातून एक जपानी चित्र आणलं होतं. कुण्या नाटकातला नट. चुन्यासारखा पांढरा चेहरा, गालांवर तांबडे पट्टे, तिरळे डोळे, ओठाची कड खाली ओढलेली. असं चित्र कागदावर छापताना दर रंगाला लाकडाचा वेगळा ठसा असतो म्हणे.

ज्याचा चेहरा घ्यायचा, त्याचं नाव घेऊन आधी परवानगी मागायची आणि सोंग उतरेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, ही गावाची रीत. उतरवायचं काम बायकोचं.

“अवं, ह्याचं नाव काय?” चित्र बघून केशरबाईनं नवऱ्याला विचारलं.

“कडेला लिवलंय, पर वाचनार कोन? देशमुखांना बी येत न्हाई.”

“मग इचारनार कुनाला? नगा घेऊ हे सोंग.”

“कावून भेतीस? कागदावरचा नट हाय, देव थोडाच हाय!”

केशरबाई भुताखेतांना भिणारी नव्हती. सणासुदीला कुरकुर कशाला, म्हणून गप्प बसली.

सोंग असं झालं की लोकांनी शिट्टीसाठी तोंडात घातलेली बोटं तशीच राहिली. मान झटकून, डोळे तिरळे करून सुग्रीव थांबला, तो थांबलाच. पापणी लवेना. शेवटी चौघांनी उचलून घरी आणला.

केशरबाईनं दार लावून घेतलं आणि ओल्या फडक्यानं त्याचा गाल पुसला. तांबडा पट्टा निघाला. तिला हायसं वाटलं. मग फडकं कपाळावरून फिरलं आणि भुवई फडक्यावर आली.

काजळाची असेल म्हणून तिनं चाचपलं. केस नव्हते. बैलाच्या शिंगानं पडलेली तिथली जुनी खोकही नव्हती. कातडी सपाट, कोरी, किंचित खरखरीत लागली.

घाबरून तिनं ओठ पुसायला घेतला, निदान तोंड तरी मोकळं व्हावं म्हणून. कोपरा निघून गेला. सुग्रीवच्या घशात गुदमरल्यासारखा आवाज झाला. तिनं फडकं फेकून दिलं.

“केशरबाई, उतरलं का सोंग?” बाहेरून देशमुखांनी हाक दिली. “लोक खोळंबलेत!”

तिनं कडीवर हात दाबून धरला. हे कुणाला दाखवायचं? आणि पुसायचं तरी किती?

ती त्याच्यासमोर बसली. हळूच म्हणाली, “तुमी आत हाव ना?”

चेहरा हलला नाही. डाव्या डोळ्यात पाणी भरलं.

“रडू नगा,” ती म्हणाली. “पाया पडते तुमच्या, रडू नगा.”

तिनं पदर उचलला आणि तसाच धरून ठेवला.

थेंब गालावर उतरला तो काळा होता. डोळा उघडा होता की मिटलेला, हे कळायला तिथं कड उरली नव्हती.