बगळेराव आणि पुरेसे मासे

आमच्या तलावातले मासे पहाटे पहाटे तोंडं वर काढून हवा खायला लागले, तेव्हा मला आधी हसूच आलं. चहूकडं पाणी असताना माशाला हवा कशाला हवी? मी बाबांना तसं म्हटलं, तर बाबा हसले नाहीत.

"झेलम, हवा नाही खात ते. गुदमरून राह्यले," ते म्हणाले. "असंच चाललं तर तलाव मरते. अन् तलाव मेला तर मले सुरतेले कामाले जा लागंल."

माझं हसू जागच्या जागी आटलं. आम्ही ढिवर, म्हणजे पिढीजात मासेमार लोक. भंडारा जिल्ह्यातल्या या तलावावर आमच्या किती पिढ्या जगल्या, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. बाबा सुरतेला? छे! मी तरातरा तलावाच्या पाळीवर (बांधावर) गेले आणि बगळेरावांना गाठलं.

बगळेराव म्हणजे आमच्या मत्स्य सोसायटीनं एका कंपनीकडून भाड्यानं आणलेला यंत्रमानव. पाय लांब, मान त्याहून लांब, आणि पाठीवर सौरपट्ट्या (उन्हापासून वीज तयार करणाऱ्या काचा). माशांना खुराक टाकायचा, पाणी तपासायचं, जाळी ओढायची, सगळं तेच करायचे. कधी खोटं बोलायचे नाहीत आणि कधी चिडायचे नाहीत. माझं काम मात्र चिडण्यावाचून चालत नाही.

"बगळेराव! मासे मरायला टेकले आणि तुम्ही आणखी खुराक काय टाकताय? काही लाज?"

"लाज हे माप माझ्याकडे नाही, झेलमताई," ते शांतपणे म्हणाले. "मला कंपनीनं भरून दिलेला हुकूम आहे, सोसायटीनं बदलेपर्यंत तोच : दर वर्षी गेल्या वर्षापेक्षा जास्त मासे. मासे जास्त हवेत, म्हणून खुराक जास्त."

आता यांच्याशी काय भांडणार? नशीब, त्याच दिवशी विशाखाआत्या आली. ही बाबांची थोरली बहीण. नागपूरला शास्त्रज्ञ आहे; पाणी, ऊर्जा आणि माणसांचे व्यवहार एकमेकांत कसे गुंतलेले असतात, याचा ती अभ्यास करते. बाबांनीच तिला बोलावलं होतं. आल्या आल्या तिनं चहासुद्धा घेतला नाही, तशीच गुडघाभर पाण्यात उतरली.

"हा हिरवा रंग पाहिलास?" तिनं ओंजळ माझ्यापुढं धरली. "हे शेवाळ. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक बारीक वनस्पती. दिवसा ऊन असतं, तेव्हा त्या प्राणवायू सोडतात. रात्री ऊन नाही. मग त्या काय करतात?"

"झोपतात?"

"झोपतात कुठल्या! श्वास घेत राहतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मासेही ओढतात आणि शेवाळही ओढतं. पहाटेपर्यंत तो संपत येतो. म्हणून मासे तेव्हाच वर येतात."

"पण शेवाळ तर पहिलेही होतं."

"होतं, पण थोडं. आता उरलेला खुराक कुजतो, त्याचं खत होतं, आणि शेवाळ माजतं. जास्त मासे, जास्त खुराक, जास्त शेवाळ, कमी प्राणवायू. बगळेरावांनी हुकूम इमानानं पाळला बघ!"

मग तिनं बगळेरावांना तलावाचा नकाशा दाखवायला सांगितलं. त्यांच्या छातीवरच्या पडद्यावर तो उमटला. उत्तरेच्या कोपऱ्यावर मोठं शून्य लिहिलेलं होतं.

"इथं शून्य का?" आत्यानं विचारलं.

"मी आलो त्या दिवशी सोसायटीला विचारलं होतं, या कोपऱ्यात कुणी जाळं का टाकत नाही, तिथं काय आहे. उत्तर मिळालं, काही नाही. म्हणून मी तिथल्या वनस्पती काढून जागा वापरात आणली."

आत्या बाबांकडं वळली. बाबांचे कान लालभडक झाले होते.

"काही नाही?" आत्या म्हणाली. "अरे भीमराव, तो मातामायचा कोपरा ना? लहानपणी तिथं जाळं टाकलं म्हणून आपल्या आबाजींनी तुला झोडपलं होतं!"

"कंपनीचे साहेब उभे होते नं बाई," बाबा पुटपुटले. "त्याईच्यासमोर मशीनले काय सांगू, इथं मातामाय राहते म्हणून? दात काढले असते त्याईनं. सगळेच म्हणाले, काही नाही जी तिथं. मीबी म्हणलं."

मला राग यावा की हसू, कळेना. बाप्पा! देवीची लाज वाटली, तीही यंत्रासमोर!

आत्या पाळीवर बसली आणि मला शेजारी ओढलं. "जंगलातला नाला त्याच कोपऱ्यातून तलावात येतो. तिथली कमळं, शिंगाडे, पाण्याखालचं गवत हे सगळं नाल्याचा गाळ अडवायचं आणि खत शोषून घ्यायचं. मरळ, दाडक हे आपले गावरान मासे तिथंच अंडी घालायचे. तो कोपरा फुकटात इतकं काम करत होता. फुकटात, म्हणून हिशेबात शून्य."

"म्हणजे चूक बगळेरावांची नाही?"

"त्यांची नाही. चूक पद्धतीची आहे. जिथं भांडवल (धंद्यात घातलेला पैसा) मालक असतं आणि ते सतत वाढलंच पाहिजे हा मुख्य हुकूम असतो, त्या व्यवस्थेला भांडवलशाही म्हणतात. ती अगदीच वाईट नाही हं. नफ्याच्या आशेनंच कुणीतरी बगळेरावांना घडवलं. पण ज्याला बाजारात भाव नाही, ते तिला दिसत नाही. आणि तलावाला काठ असतो, त्या हुकुमाला काठच नाही."

"मग दुसरी पद्धत कोणती?"

"हरित अर्थव्यवस्था. निसर्ग जेवढं पुन्हा भरून काढू शकतो, तेवढंच घ्यायचं, आणि त्यातच सगळ्यांचं पोट भरायचं, अशी व्यवस्था."

 आता बाबा उसळले. "बाई, तुयी गोष्ट गोड आहे. पण जास्त मासे नाही, तर झेलमच्या शिक्षणाचं काय? आजारपणाचं काय? अन् हिरवंच पाहिजे, तर कंपनीबी हिरवंच देऊन राह्यली नं! पत्र आलं हे, उन्हावर फिरणारी चाकं बसवतो म्हणते. पाण्यात हवा घालतात."

"चाकं चांगलीच आहेत. आज लाव. मासे वाचतील," आत्या म्हणाली. "पण कंपनीचं पत्र पुरतं वाच. चाकं लावून मासे दुप्पट सोडायचे म्हणतात. यंत्र हिरवं झालं, हुकूम तोच राहिला. उद्या दुप्पट चाकंही पुरणार नाहीत. आणि शिक्षणाचं म्हणतोस, ते खरं आहे. त्याचं पक्कं उत्तर माझ्याकडंही नाही. सगळ्या जगात हे जमेल का, हेसुद्धा मला माहीत नाही. पण तलाव मेला तर शिक्षणही नाही, हे मात्र माहीत आहे."

 संध्याकाळी बाबांनी स्वतः दोन चाकं भाड्यानं आणून पाण्यात सोडली.

दुसऱ्या दिवशी सोसायटीची सभा भरली. कंपनीचा हा नवा करार करायचा की नाही, ते ठरायचं होतं. आत्यानं सगळं समजावून सांगितलं. माणसं कुजबुजायला लागली. मला राहवेना. मी उठून उभी राहिले.

"हुकूमच बदला नं! जास्त मासे नको. बगळेराव, तुम्ही पुरेसे मासे काढा!"

बगळेरावांनी मान वळवली. "आज्ञा समजली. पुरेसे म्हणजे किती?"

 जास्त किती ते यंत्राला आपलं आपण कळत होतं. पुरेसे किती, ते माणसांनाच सांगावं लागणार होतं, आणि ते त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

मग जो गलका उसळला, बापरे! कुणी म्हणे घरटी सारखा वाटा, कुणी म्हणे ज्याच्या घरी लेकरं जास्त त्याला जास्त. माझी मैत्रीण ओढून बसवत होती तरी मी मध्येच ओरडले, "पुढच्या वर्षीच्या माशांचा वाटा?" शेजारच्या जनाकाकू सगळ्यांवर कडाडल्या, "अन् मातामायचा कोपरा सोडूनच मोजा! देवीसाठी नाही तर माशांसाठी सोडा, पण सोडा!" दुपार झाली तरी भांडण मिटेना. शेवटी बाबा उठले.

"मले भेव वाटून राह्यलं," ते म्हणाले. आमचे बाबा सगळ्यांसमोर असं म्हणाले! "कमी धरलं तर घर चालंल का, नाही ठाऊक. पण मी सुरतेले गेलो, तर मागं तलाव नाही राहत. मी थांबतो. कोपरा मी राखतो. आकडा एक वर्षासाठी ठरवा, नाही जमला तर पुन्हा बसू."

आकडा ठरला. कंपनीचा नवा करार सहीविना परत गेला. बगळेरावांनी कोपऱ्यावरचं शून्य पुसून तिथं लिहिलं : राखीव. पाठोपाठ शिंगाडे आणि कमळं पुन्हा लावायचं काम आम्हा मुलांकडं आलं. चिखलात लोळून घरी गेल्यावर मार नाही, असं काम पहिल्यांदाच मिळालं.

ते वर्ष सोपं गेलं नाही, खोटं कशाला सांगू? हातात पैसा कमी आला, आणि माझी सायकल पुढं ढकलली गेली. मी दोन दिवस रुसले. पण खुराकाचा खर्चही खाली आला, गावरान मरळ परत दिसायला लागली, आणि तिला बाजारात भाव मोठा. पुढच्या उन्हाळ्यात पहाटे पाळीवर गेले, तर पाण्यावर एकही तोंड नव्हतं. मासे खाली, आपापल्या कामात. मला इतका आनंद झाला, की मी बगळेरावांच्या लोखंडी पायालाच मिठी मारली.

"एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "आजूबाजूच्या तलावांवरचे आम्ही सगळे यंत्रमानव शिकलेलं एकमेकांना कळवतो. मी आपल्या सभेचं कळवलं आहे."

त्याच सकाळी बाबांचा फोन वाजला. पलीकडच्या गावचे सोसायटीचे अध्यक्ष हैराण होऊन बोलत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"शेंडेभाऊ, आमचा यंत्रमानव बिघडला काय जी? सकाळपासून खुराकाची गोणी घेऊन अंगणात उभा आहे. सारखा विचारून राह्यला, किती पुरे, किती पुरे. आता त्याले काय सांगू?"

बाबा पोट धरून हसले. मग म्हणाले, "सभा बोलवा जी. अन् सगळ्याईले डबे आणाले सांगा. वेळ लागते."