याकतळ्याचं पाणी

उद्या वरच्या धबधब्यापर्यंत जायचं, वाटेत नूडल्स खायचे आणि येताना बस न पकडता पळत उतरायचं, असा ग्यात्सोचा बेत होता. चेंगदू शहरातून सुट्टीला त्यांच्याच घरी उतरलेल्या यिमिनला तो बेत पसंत होता. त्याच्या चुलतबहिणीला, ड्रुकमोला, कुणी विचारलं नाही. आई फेब्रुवारीत गेल्यापासून ती कशालाच नाही म्हणत नसे आणि हो म्हटलं तरी त्यात जीव नसे. गावातल्या बायका म्हणत, पोर धीराची आहे, एकदाही रडली नाही. तिला वाटे, धीर कसला, आत काही उरलंच नाहीये.

दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय उद्यानातल्या याकतळ्यापाशी यिमिन थबकली. पाणी ज्या चुनखडीच्या कठड्यावरून खाली कोसळायचं, तो कठडा अर्धा कोरडा पडला होता. हजारो वर्षं पाण्यानेच थरावर थर चढवून बांधलेला तो कठडा आता भेगाळून पांढरा दिसत होता. पाऊस नसेल झाला, असं ग्यात्सो म्हणाला. यिमिनने वरून येणाऱ्या ओढ्याकडे बोट दाखवलं. तो तर फुगून वाहत होता.

"आठ दिवस झाले," ड्रुकमो म्हणाली.

दोघं तिच्याकडे बघतच राहिली. "आणि तू बोलली नाहीस?" ग्यात्सोने विचारलं.

"बोलून काय होणार होतं?"

ग्यात्सो रागावला. या तळ्यात खवले नसलेले मासे आहेत, पाणी आटलं तर ते जातील कुठे, असं तो बडबडत राहिला. ड्रुकमोला ते सगळं कळत होतं. तिची आई अकरा वर्षं याच काठाची लाकडी पायवाट झाडत होती. कळत होतं, पण आत कुठे पोचत नव्हतं. तरी तिघं पायवाटेवरून तळ्याला वळसा घालून पलीकडच्या टोकाला गेली, तेव्हा कठड्याला पाडलेली खाच आधी तिलाच दिसली. खाचेत दगडांआड जाड काळा पाइप दडवला होता. तो झाडीतून उतरत लुओशेठच्या नव्या चहाघराकडे गेला होता.

लुओशेठने त्यांना बसवून चहा पाजला आणि हसत हसत उडवून लावलं. पाइप जुना आहे, त्यातून थेंबही येत नाही. अंगणातल्या कुंडात पडतं ते आमच्या स्वतःच्या झऱ्याचं पाणी. शेजारी फुकटचा चहा पीत बसलेल्या उद्यानाच्या दोन पहारेकऱ्यांनीही माना डोलावल्या. त्यांनी वर जाऊन बघितलं होतं का, असं यिमिनने नम्रपणे विचारलं, तर एकजण म्हणाला, "मुलांनो, सुट्टी आहे ना? मग मजा करा."

शुक्रवारी उद्यानाच्या प्रमुख दावा बाई चहाघराच्या उद्घाटनाला येणार होत्या. तिघांनी ठरवलं, सांगायचं काही नाही, दाखवायचं. ग्यात्सोने घरच्या वाळवणातून लालभडक तिरफळांची टरफलं पिशवीभर आणली. यिमिन पाहुण्यांबरोबर कुंडापाशी उभी राहणार होती.

तळ्यात पाय घालायचा नाही आणि कठड्यावर उभं राहायचं नाही, हा आईचा नियम होता. ड्रुकमो पाण्यात आडव्या पडलेल्या झाडाच्या खोडावर पालथी झाली, खांद्यापर्यंत हात बुडवला आणि पाइपच्या तोंडावरची जाळी ओढू लागली. बर्फाचंच ते पाणी. बोटं आहेत की नाहीत तेही कळेना. ग्यात्सो तिचे पाय धरून, पडलीस तर मी काय सांगू काकांना, असं पुटपुटत होता. जाळी निघाली. पाइपच्या ओढीने टरफलं मूठ मूठ आत गेली. तिने जाळी परत बसवली.

खाली लुओशेठ झऱ्याची थोरवी सांगत होता. दावा बाई कुंडाजवळ वाकल्या, तशी पाण्यावर लाल टरफलं तरंगत आली. दहा, वीस, मग नुसता लोंढाच. तिरफळांचा वास साऱ्या अंगणात पसरला.

"तुमच्या झऱ्यात तिरफळं पिकतात का हो?" बाईंनी विचारलं. पहारेकरी एकमेकांकडे बघू लागले. मग यिमिनने सगळं सांगितलं.

त्याच दुपारी पाइप निघाला. चहाघराला कुलूप लागलं. खाचेत वाळूची पोती रचली गेली आणि तिसऱ्या दिवशी कठड्यावरून पाणी पुन्हा एकसंध कोसळू लागलं. दावा बाई स्वतः घरी आल्या, तिघांच्या गळ्यात खाता, म्हणजे मानाचे पांढरे रेशमी शेले, घातले, आणि जे आमच्या माणसांनी डोळे उघडे ठेवून पाहिलं नाही ते तुम्ही पाहिलंत, म्हणाल्या. आजोबांनी ग्यात्सोची पाठ थोपटली. यिमिनला सगळे आणखी चार दिवस राहण्याचा आग्रह करत होते.

ड्रुकमो मागच्या पायरीवर जाऊन बसली. थोड्या वेळाने उद्यानाची बस चालवणारे तिचे वडील, आपा, येऊन शेजारी टेकले.

"सगळे इतकं कौतुक करतायत," ती म्हणाली, "आणि मला काहीच वाटत नाहीये, आपा."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "मलाही नाही वाटत गं. फेब्रुवारीपासून. सकाळी बस काढतो, संध्याकाळी लावतो. मधलं काही आठवत नाही."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. आपांना आपल्यासारखंच होत असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"तुला आत्ता सांगितलं."

आतून हसण्याचा गलका येत होता. आपा जेवले नसणार, हे तिला त्यांच्या आवाजावरून कळलं. ती उठून आत गेली, चुलीवर चहाचं भांडं ठेवलं, सातूचं पीठ काढलं आणि दोन वाट्या पुसून घेतल्या.